कोण कोणाला घेऊन येतं

डोळ्यांच्या दवाखान्यात माणूस सहसा एकटा येत नाही. ताप-खोकल्याला येतो, दात दुखला तर येतो. आमच्याकडे मात्र बाकावर जोड्या बसलेल्या असायच्या. ज्याला दिसत नाही त्याला वाट दाखवणारं कोणीतरी लागतं. ज्याला दिसतं त्यालाही लागतं, कारण बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पुढचे काही तास अक्षर धूसर होतं, ऊन डोळ्यांत खुपतं आणि रस्ता ओलांडायचा धीर होत नाही. म्हणून नाव लिहून घेतानाच मी विचारायचे, "बरोबर कोण आलंय?"

माझे यजमान डोळ्यांचे डॉक्टर. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्यावर आमचा दवाखाना होता. डॉक्टर आत अंधाऱ्या खोलीत स्लिट लॅम्पला डोळा लावून एकेक डोळा बघायचे आणि मी बाहेर टेबलाशी बसून माणसं बघायचे. लग्नानंतरही मी त्यांना डॉक्टरच म्हणत आले. दवाखान्यात दुसरं काही म्हणणं जमलं नाही आणि पुढे घरातही तेच तोंडात बसलं.

डॉक्टरांना निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या हातगुणाबद्दल लोक आजही बोलतात आणि ते ऐकून मला बरं वाटतं. पण मला सांगायचंय ते त्या बाकाबद्दल. आंधळेपण एकाला येतं, अडकतात मात्र दोघं. दृष्टी परत आली की सुटकाही दोघांची होते. आणि एखाद्या घरात कोण कोणाला घेऊन येतं, कोणाला कधीच कोणी घेऊन येत नाही, हे पाहिलं की त्या घरात कोणाच्या डोळ्यांचं किती मोल आहे ते समजतं. इतकी वर्षं टेबलाशी बसून मी हे शिकले.

आम्ही इथे आलो तेव्हा कल्याण-डोंबिवली महापालिका अजून व्हायची होती. ती १९८३ मध्ये झाली. मानपाडा रस्ता स्टेशनच्या बाजूने निघतो, चार रस्ता ओलांडून पूर्वेला जातो आणि कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो. आता तो दोन्ही अंगांनी इमारतींनी भरलाय. तेव्हा थोडं पुढे गेलं की भाताची खाचरं लागत. खाली दवाखाना आणि वर आमचं बिऱ्हाड अशी जागा मिळाली होती. आमच्याकडे एकाच दिवसात दोन वेगळी गावं येऊन जायची. सकाळी सागाव, सोनारपाडा, भोपर, माणगाव, काटई, निळजे इकडची शेतकरी माणसं यायची. संध्याकाळी सातनंतर मुंबईहून लोकल घेऊन परतलेले बँकेतले, मंत्रालयातले, विमा कंपनीतले लोक यायचे. त्यांना चाळिशी लागलेली असे किंवा गाडीत पेपर वाचून डोकं दुखत असे. आणि अधल्या-मधल्या कोणत्याही वेळी एमआयडीसीतला कामगार डोळ्यावर रुमाल धरून दारात उभा राहत असे.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. नोकरी सोडून दवाखान्यात बसायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, नावं लिहायची आणि पैसे घ्यायचे एवढंच काम असेल. काही महिन्यांतच कळलं की डोळ्यांच्या डॉक्टरच्या हाताला आणखी दोन हात लागतात. थेंब घालायला शिकले. खालची पापणी ओढून आतल्या खोबणीत थेंब सोडायचा, सरळ बुबुळावर टाकायचा नाही. तक्ता वाचून घ्यायला शिकले. तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो आणि आमची खोली तेवढी लांब नव्हती, म्हणून तक्ता पेशंटच्या डोक्यामागे टांगून समोर आरसा लावला होता. अक्षर न येणाऱ्यांसाठी इंग्रजी ई अक्षराचा तक्ता असे. त्या अक्षराचे दाते कुठल्या बाजूला आहेत ते हाताच्या बोटांनी दाखवायचं. कित्येक म्हाताऱ्या बायका तो तक्ता बघून आधीच म्हणत, "मना वाचाला नाय येत." त्यांचा हात हातात घेऊन बोटं वळवून दाखवली की मग त्यांना गंमत वाटायची आणि त्या भराभर सांगत सुटायच्या.

लहान मुलांचा नंबर काढायचा तर तीन दिवस डोळ्यांत अ‍ॅट्रोपिनचं मलम घालावं लागे. ते घरी आईनंच घालायचं. मग आठ-दहा दिवस मुलाला जवळचं दिसत नसे, म्हणून शाळेत चिठ्ठी द्यावी लागे. त्या चिठ्ठ्या मी लिहायचे. सासूबाई वर घरात दुपारी गॉज आणि कापूस घेऊन बसत आणि डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या कापून त्यांच्या घड्या घालत. त्या ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला लावायच्या. मुलं दवाखान्याच्या बाकावर बसूनच अभ्यास करत. रात्री फोन वाजला की आधी कोणी उचलायचा यावरून त्यांची पैज असे. आमच्या घराचा आणि दवाखान्याचा जिना एकच होता. कोणाचं काम कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं हे आम्ही कधी आखलं नाही.

तेव्हाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आजच्या पिढीला सांगून खरं वाटत नाही. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबायचं. मग बुबुळाच्या कडेला मोठा छेद घ्यायचा, गोठवणाऱ्या क्रायो सळईला आतलं भिंग चिकटवून ते आख्खं बाहेर काढायचं आणि टाके घालायचे. आत त्याच्या जागी काहीच बसवत नसत. पेशंटनं डोळ्याला पट्टी बांधून दिवसचे दिवस पडून राहायचं, खोकायचं नाही, वाकायचं नाही. पुढे दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा मिळायचा. त्या चष्म्यातून जग जवळजवळ पाव पटीनं मोठं आणि जवळ आल्यासारखं दिसे. चहा कपात ओतायला गेलं की बशीत पडे. जिन्याची पायरी असते एकीकडे, पाय पडतो दुसरीकडे. बाजूनं येणारी सायकल एकदम समोर उगवल्यासारखी वाटे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसरा चांगला असेल तर तो चष्मा वापरताच येत नसे, कारण दोन डोळ्यांना दोन वेगळ्या आकारांची चित्रं दिसत. चष्मा फुटला किंवा हरवला तर माणूस पुन्हा आंधळा.

लोकांचा समज असा की हे ऑपरेशन थंडीतच करायचं. शिवाय भात कापून, झोडून झालं की गावाकडच्यांच्या हातात चार पैसे आणि थोडी सवड असे. त्यामुळे दिवाळी झाली की रांग लागायची आणि ती माघी पौर्णिमेच्या मलंगगडाच्या यात्रेपर्यंत चालायची. त्या दिवसांत आम्ही कुठे लग्नाला गेलो नाही की मुलांना घेऊन फिरायला गेलो नाही. पेशंटबरोबर राहणारी माणसं आमच्या ओट्यावर स्टोव्ह पेटवून भात शिजवायची. सासूबाई त्यांना वरून कालवण पाठवायच्या.

त्या काळात एक आजी यायच्या नातीला घेऊन. खरं तर नातच त्यांना घेऊन यायची. आठ-नऊ वर्षांची पोर, आजीची काठी पुढच्या टोकाला धरून चालायची. शाळेचं विचारलं तर मान खाली घालायची. घरातली सगळी शेतावर नाहीतर कामावर जायची, आजीला परसाकडे न्यायला, वाढायला घरात कोणी हवं, म्हणून तिची शाळा सुटली होती. आजींना मोतीबिंदू होता आणि शिक्षा त्या पोरीला झाली होती.

हे सगळं बदललं ते आत बसवायच्या भिंगामुळे. त्याची गोष्ट डॉक्टर पेशंटना नेहमी सांगत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे तुकडे घुसले. ते छत पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचं होतं. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं की डोळा या प्लास्टिकला त्रासाशिवाय आत राहू देतो. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. आमच्यापर्यंत ते यायला चार दशकं लागली. सुरुवातीला परदेशी भिंग मिळायचं, पण त्याची किंमत सागावच्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली नव्हती. त्या काळात डॉक्टरांची खरी घालमेल व्हायची. नोकरदार पेशंटला भिंग बसायचं आणि त्याच बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला जाड चष्मा मिळायचा. मदुरईच्या अरविंद रुग्णालयाच्या माणसांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू करून इथेच भिंगं बनवायला घेतली आणि ती परदेशी भिंगांच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात मिळू लागली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं मोतीबिंदूचा मोठा सरकारी प्रकल्प आला, त्यात महाराष्ट्र होता. छेद लहान झाला, टाके गेले. पुढे फॅको हे तंत्र आलं आणि माणूस सकाळी येऊन दुपारच्या जेवणाला घरी जाऊ लागला.

त्या आजींना डोळ्यात भिंग बसवलं. नंतर तपासणीला त्या एकट्याच आल्या. मी सवयीनं विचारलं, "बरोबर कोण आलंय? नात कुठाय?" त्या म्हणाल्या, "शालंत गेली." दोनच शब्द. भिंगाची किंमत उतरणं म्हणजे काय, हे मला त्या दोन शब्दांत कळलं.

डॉक्टर भिंग बसवायचं तंत्र शिकायला मदुरईला जाऊन आले तेव्हा परतल्यावर बरेच दिवस तिथलंच बोलत होते. डॉ. जी. वेंकटस्वामी १९७६ मध्ये वयाच्या ५८व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. तरुणपणी झालेल्या संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. त्या बोटांनीच ते ऑपरेशन करायला शिकले होते. निवृत्तीनंतर त्यांनी अकरा खाटांचं अरविंद रुग्णालय काढलं. लोक त्यांचं नाव घेतात आणि घ्यायलाच हवं. पण डॉक्टरांनी मला सांगितलं ते त्यांच्या बहिणीबद्दल, डॉ. नाचियार यांच्याबद्दल, आणि मेहुण्यांबद्दल, डॉ. नंपेरुमाळसामींबद्दल. एका निवृत्त डॉक्टरच्या मागे सगळं घर कामाला लागलं, म्हणून ते रुग्णालय उभं राहिलं.

आपल्याकडे डॉ. तात्याराव लहाने यांचं उदाहरण आहे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या या मुलानं जे. जे. रुग्णालयात डोळ्यांचा विभाग सांभाळला, खेड्यापाड्यांतून आलेल्यांचे मोतीबिंदू काढले, २००८ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. पद्मश्रीच्या कितीतरी आधी, १९९५ मध्ये, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आई अंजनाबाईंनी आपलं एक मूत्रपिंड त्यांना दिलं. त्यानंतर त्यांच्या हातांनी जितक्या डोळ्यांना दृष्टी मिळाली, त्यात त्या माउलीचा वाटा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरच्या घरात राहिलेल्या बाईला हा हिशेब पटकन कळतो.

एमआयडीसीनं आम्हाला वेगळीच शिकवण दिली. कारखान्यात घासकाम करताना लोखंडाचा कण उडून बुबुळात रुततो. वेल्डिंग करणाऱ्याला दिवसा काही जाणवत नाही आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यागत कळ सुटते. अशा रात्री त्याची बायको तान्हं मूल कडेवर घेऊन त्याला धरून आणायची. रसायन उडालेला माणूस आला की मी नाव-गाव विचारत बसत नसे. आधी नळाखाली डोळा, मग पाणी, पाणी आणि पाणी. चुन्याची डबी फुटून लहान मुलाच्या डोळ्यात चुना गेला तरी हेच. पहिल्या पाच-दहा मिनिटांतलं पाणी पुढच्या कोणत्याही औषधापेक्षा मोठं असतं. मी हे कारखान्यांतल्या मुकादमांना, शाळेतल्या बायांना, रिक्षावाल्यांना सांगत आले. काही जण आईचं दूध, मध, कसला तरी पाला घालून यायचे. त्यांच्यावर रागावून उपयोग नसतो. आपण पुढच्या वेळी काय करायचं ते सांगायचं आणि ते बरोबर आलेल्या माणसाला सांगायचं, कारण वेदनेत असलेल्याला ते ऐकू जात नाही.

२६ मे २०१६ ची सकाळ डोंबिवलीतलं कोणी विसरणार नाही. एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. बारा जणांचा जीव गेला. आसपासच्या घरांच्या, दुकानांच्या, शाळांच्या काचा फुटल्या आणि काचेचे कण लोकांच्या तोंडावर, डोळ्यांत गेले. आमच्या दारात माणसं येऊ लागली तेव्हा मी सवयीनं विचारलं, बरोबर कोण आहे, आणि कळलं की कोणी कोणाचं नाही. रिक्षावाल्यानं रस्त्यात दिसलेल्या बाईला उचलून आणलं होतं. शेजारच्या दुकानातल्या पोऱ्यानं एका अनोळखी आजोबांना आणलं होतं. आणणारे थांबलेही. पट्टी होईपर्यंत थांबले, घरच्यांचे फोन नंबर विचारून फोन केले, मग गेले. दृष्टी जाण्याची भीती माणसाला लगेच समजते. त्यासाठी नातं लागत नाही.

मग नात्यातल्या माणसांना ती का दिसत नाही? हा प्रश्न मला टेबलाशी बसून पुन्हा पुन्हा पडला.

वडिलांना मुलगा घेऊन यायचा, आणि लवकर आणायचा. "बाबांना पेपर वाचता येत नाही" हे मोठं कारण होतं. आईला मुलगी आणायची, तीही माहेरपणाला आलेली असताना. सासूला सून आणायची, पण सासऱ्यांचं झाल्यावर. स्वतःसाठी आलेली बाई फार क्वचित. ती यायची तेव्हाही तक्रार दुसऱ्या कोणाच्या तरी कामाची असायची. सुईत दोरा जात नाही, तांदळातले खडे दिसत नाहीत, भाकरी करपते आणि घरात बोलणी बसतात. मला दिसत नाही, एवढं साधं वाक्य मी बायकांच्या तोंडून फार कमी ऐकलं.

शीळ रस्त्याकडच्या एका गावातून एक जोडपं यायचं. नवऱ्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बायको हात धरून आणायची. रिक्षातून उतरवायची, पायरी आली की सांगायची, बाकावर बसवून मग स्वतः टेकायची. त्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या तपासणीला ते आले, आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आत म्हणाले, "डॉक्टर, माझं नंतर बघा, हिचं आधी बघा. ही घरात चाचपडत चालते." इतकी वर्षं तिनं त्यांना वाट दाखवली होती. त्यांना दिसायला लागलं तेव्हा तिला दिसत नाही हे त्यांना दिसलं. डॉक्टरांनी बॅटरी मारली तर दोन्ही बाहुल्या पांढऱ्या. मी विचारलं, "अगं, मग यांना आणायचीस कशी?" ती म्हणाली, "मना वाट पाठ हाय."

त्या माणसाबद्दल माझ्या मनात कायमचा आदर राहिला, कारण दृष्टी आल्यावर त्यानं पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं. पण माझं मन त्या बाईवर अडलं. वाट पाठ करून चालणाऱ्या अशा किती बाया माझ्यासमोरून बाकावर बसून, दुसऱ्याचे डोळे दाखवून परत गेल्या असतील! तेव्हापासून कार्डावर पेशंटचं नाव लिहिलं की बरोबर आलेल्या बाईला मी तक्त्यासमोर उभी करायला लागले. पैसे नाहीत, नंबर नाही, फक्त एक मिनिट उभी राहा म्हणायचे. डॉक्टरांनी ते कधी वाढीव काम मानलं नाही.

आपल्या देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि अंधत्व खूप खाली आलं, हे खरंच आहे. तरी २०१५ ते २०१९ या काळातल्या सरकारी पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या दर शंभर माणसांत जवळजवळ दोघं आंधळी आढळली, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांशांचं कारण मोतीबिंदूच होता, आणि बायकांमधलं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. पाव तासाच्या ऑपरेशननं जाणारं आंधळेपण अजून उरलंय, आणि ते जास्त बायकांकडे उरलंय. टेबलाशी बसून मी जे बघत होते तेच या आकड्यांत आहे.

काचबिंदूचं दुखणं याहून कठीण, कारण तो कळतच नाही. डोळ्यातला दाब हळूहळू नस मारतो, नजर कडेनं आत आत येत जाते आणि मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसत असल्यानं माणूस निर्धास्त राहतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली फक्त थेंबांनी किंवा ऑपरेशननं राखता येते. सुरुवातीला डॉक्टर पेशंटला आडवं झोपवून, बुबुळ बधिर करून त्यावर शिऑट्झचं लहानसं उपकरण ठेवून दाब मोजायचे. पुढे चांगली यंत्रं आली. पण एक नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. काचबिंदू निघाला की कार्डावर लाल शाईनं लिहायचं, "भावंडं". सख्ख्या भावंडांना हा रोग होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून त्या सगळ्यांना बोलवायचं काम माझं.

एका बँकेतल्या गृहस्थांनी फार मनावर घेऊन आपले तिन्ही भाऊ आणले. मी विचारलं, बहीण? ते म्हणाले, "ती सासरी आहे, तिकडचे बघतील." मी त्यांच्याकडून नंबर घेतला आणि कल्याणला त्या बाईंना स्वतः फोन केला. भावांपैकी कोणाला काही निघालं नाही. त्या बाईंच्या डोळ्यांतला दाब वाढलेला होता. आज त्या सत्तरीच्या पुढे आहेत, रोज रात्री न चुकता थेंब घालतात आणि वाचतात, विणतात. लग्न झालं तरी रक्त तेच राहतं, आणि रोगाला माहेर-सासर कळत नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा डॉक्टर त्यांच्या उशाशी नुसते बसून होते. त्या क्षणी ते डॉक्टर नव्हते. नेत्रपेढीला फोन मी केला. पंखा बंद केला, डोक्याखाली उशी दिली, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून वाट बघण्यात वेळ घालवता येत नाही. चष्मा असला, साखर असली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं, तरी नेत्रदान करता येतं, हे मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत होते. नातेवाइकांत कोणी कुजबुजलं की एवढ्यातच काय घाई. माझी मुलगी त्यांना म्हणाली, "आजीनं जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी पट्ट्या कापल्या." त्यानंतर कोणी बोललं नाही.

तीच मुलगी पुढे डोळ्यांची डॉक्टर झाली. पडद्याचे विकार हा तिचा विषय. आमच्या दवाखान्यात तिनं बसावं असं अनेकांना वाटत होतं. तिनं सरळ सांगितलं की वर घर आणि खाली दवाखाना हे आयुष्य तिला नको. ती मोठ्या रुग्णालयात नोकरी करते, ठरलेल्या वेळी घरी येते, तिच्या मुलांना सुट्टीत आई मिळते. मला तिचं पटलं. आमच्या मुलांना सबंध हिवाळे आईबाप मिळाले नव्हते. शिवाय आज पडद्याचं काम लेसर आणि स्कॅनच्या यंत्रांशिवाय होत नाही, आणि ती एका घराच्या ऐपतीची नाहीत. मधुमेहानं नजर जाऊ पाहणारी जी माणसं आम्ही हात जोडून मुंबईला पाठवायचो, त्यांची नजर ती रोज वाचवते. मी तिला एकच सांगितलं, "तुमच्या काउंटरवरच्या मुलीला विचारायला शिकव, बरोबर कोण आलंय, आणि त्यांचे डोळे कोणी तपासलेत का." तिनं ते केलं. तिच्याकडच्या नोंदीच्या अर्जात आता एक रकाना जास्त आहे.

डॉक्टर थांबले ते मानेमुळे. मायक्रोस्कोपवर वाकून आयुष्य गेलेल्या बऱ्याच सर्जनांची मान आणि पाठ जाते. हात अजून स्थिर होते, पण लांबलेल्या ऑपरेशननंतर मुंग्या यायच्या. त्यांनी दुसऱ्या कोणी सांगायची वाट पाहिली नाही. ऑपरेशन आधी थांबवली, मग वर्षभरात दवाखाना. स्लिट लॅम्प मुरबाडकडच्या एका धर्मादाय संस्थेला दिला. काचबिंदूच्या पेशंटची यादी करून प्रत्येकाला पुढचा डॉक्टर ठरवून दिला, कारण थेंब सुटले तर नजर सुटते. बाकीचं सामान आवरायला त्या मानानं काहीच वेळ लागला नाही.

नंतर त्यांनाही मोतीबिंदू झाला. माझ्या हाताला धरून ते एका तरुण डॉक्टरांकडे गेले. घडी होणारं भिंग तीन मिलिमीटरहून लहान छेदातून आत गेलं, टाका नाही, आणि आम्ही दुपारी घरी. दुसऱ्या दिवशी खिडकीशी उभे राहून ते म्हणाले, "पांढरा रंग इतका पांढरा असतो होय! लोक मला हे सांगायचे, मी नुसता मान हलवायचो." सहा आठवडे मी त्यांना वेळेवर थेंब घातले. जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते, पण आपल्या माणसाच्या डोळ्यात घालताना हात वेगळा चालतो. पेशंटच्या बरोबर आलेल्या त्या सगळ्या बायकांची काळजी मला तेव्हा आतून समजली.

आता आम्ही दोघं शनिवारी सकाळी कुठल्यातरी सोसायटीच्या हॉलमध्ये जातो. जवळचं वाचायचं कार्ड, ई चा तक्ता आणि एक बॅटरी, एवढंच सामान. सोसायटीवाल्यांना आमची एक अट असते. घरकामाच्या बायका, वॉचमन आणि त्याची बायको, झाडूवाल्या मावशी, यांना आधी पाठवायचं. चाळिशीचा साधा चष्मा नसल्यानं काम सोडावं लागलेल्या बायका आम्हाला तिथे भेटतात. जिच्या बाहुलीत पांढरं दिसतं तिला ऑपरेशनपर्यंत कोण नेणार हे आम्ही तिथेच ठरवतो, नाव लिहून, तारीख लिहून. नुसतं "करून घ्या" म्हटलं तर ती जात नाही.

म्हणून वाचणाऱ्यालाही मी तेच विचारते. चाळिशी उलटल्यावर तुमच्या घरात कोणाच्या डोळ्यांचा दाब कधीच मोजलेला नाही? साखर असून ज्यांचा पडदा गेल्या वर्षभरात पाहिलेला नाही असं कोण आहे? वडिलांचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांना थेंब घालणाऱ्या आईचे डोळे कोणी तपासले? ती "मला काही होत नाही" म्हणेल. तिचं ते उत्तर मान्य करू नका. एका सकाळची रजा टाका, तिचं नाव लिहा आणि तिला घेऊन जा. तपासणी तासाभरात होते. त्यात काही निघालं नाही तर दोघांनी कुठेतरी चहा प्या आणि पुढच्या वर्षीची तारीख ठरवा. निघालं, तर बहुतेक वेळा उपाय आहे, आणि तो जितका लवकर कराल तितका तिचा आणि तुमचा पुढचा काळ मोकळा राहील.